गौरी घरात असेपर्यंत

गौरीचा सण आला की ठाण्याच्या आमच्या बिऱ्हाडात शेजारणी जमतात आणि कौतुकाने म्हणतात, गौर म्हणजे माहेरवाशीण हो! लेक घरी येते, दोन दिवस राहते, गोडधोड खाते. मी मान हलवते आणि तव्यावरचं घावन उलटते. मला म्हणावंसं वाटतं, बायांनो, ती तिसऱ्या दिवशी जाते म्हणून तिचं कौतुक आहे. जी लेक माहेरी आली आणि गेलीच नाही, तिच्यासाठी कोणी कुंकवाची पावलं काढलेली मी तरी पाहिलेली नाहीत. पण सणासुदीला असलं बोलून कोणाच्या तोंडची चव घालवू नये, एवढी अक्कल मला वयाने आली आहे. म्हणून लिहून ठेवते.

मी कल्याणात वाढले. शेणाळ्या तळ्यापासून दोन आळ्या सोडून आमचं घर होतं. वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. घरात ते, आई, माझी ताई आणि मी, एवढीच माणसं. ताई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिचं लग्न झालं तेव्हा ती इतकी लहान होती, की लग्नातलं तिला एवढंच आठवायचं, नवऱ्याच्या कानात भिकबाळी होती आणि मांडवात त्याला झोप आली होती. वर्षा-दीड वर्षात तो पटकीने गेला. ती अजून सासरी नांदायलाही गेली नव्हती. सासरच्यांनी निरोप धाडला, मुलगी तुमच्याकडेच राहू द्या. राहिली.

त्या काळी एवढ्या लहान विधवेचे केस लगेच काढत नसत. तिला न्हाण येईपर्यंत थांबत. एवढी दया आमच्या शास्त्रात होती. ताईचे केस फार लांब होते. ती पाटावर बसली की ते पाटावरून खाली जमिनीवर लोळायचे. ज्या श्रावणाबद्दल मी सांगते आहे, त्या श्रावणात तिला न्हाण आलं. दुसऱ्या मुलींना मखरात बसवतात, ओट्या भरतात. आमच्या घरात आईने माजघराचं दार लोटून घेतलं आणि परसात जाऊन रडली. भटजींना मात्र कसं कोण जाणे, लगेच कळलं. ते म्हणाले, आता चालढकल नको, सकेशा विधवेच्या हातचं पाणी ना देवाला चालत, ना पितरांना पोचत.

माझे वडील वर्तमानपत्र वाचणारे. संध्याकाळी ओट्यावर चार मित्र बसले की ते मोठ्याने वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, बायकांची डोकी भादरणं हे कुठल्या वेदात लिहिलंय, दाखवा मला! मित्र माना डोलवायचे. मी उंबऱ्यात बसून ऐकायची आणि मला वाटायचं, आमच्या ताईला काही होणार नाही. पण ओट्यावरचे वडील वेगळे आणि माजघरातले वेगळे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माजघरात ते खाली मान घालून म्हणाले, गौरी-गणपती होऊ देत, मग बघू. आईने ते ताईला सांगितलं. म्हणाली, "गौरी घरात असेपर्यंत न्हावी दारात यायचा नाही. तोवर तरी नीट रहा, चार घास खा."

ताईने खाणं सोडलंच होतं. रात्रंदिवस तिने केसांचा पीळ हातात घट्ट धरलेला असायचा. पाणी काढायला आडावर गेली की मी तिच्या मागे मागे जायची. कारण ती एकदा मला म्हणाली होती, "मला नको गं ते. मी जीव देईन, पण मला नको." हे ती रडत म्हणाली असती तर मला एवढी भीती वाटली नसती. ती भाजी निवडत होती आणि आवाज अगदी रोजचा होता. मी आडाच्या रहाटापाशी बसून राहू लागले. आई विचारायची, इथे काय करतेस? मी सांगायची, खेळतेय.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत, पाणवठ्यावरचे नुसते खडे. गौरी आणायचा मान घरातल्या कुमारिकेचा. पूर्वी तो ताईचा होता, तिचं लग्न झाल्यावर माझा झाला. तळ्यावर जायचं, खडे वेचून तबकात ठेवायचे, वर तेरड्याची फुलं घालायची, आणि तोंडात पाण्याची चूळ भरून घरी यायचं. चूळ अशासाठी, की वाटेत बोलायचं नाही. मागे वळून बघायचं नाही. आई बरोबर घंटा वाजवत चालायची. गौर पाटावर बसेपर्यंत चूळ गिळायची नाही आणि टाकायचीही नाही.

त्या वर्षी मी तळ्याच्या काठावर बसून खडे निवडत होते, आणि मनात एकच चाललं होतं, हे जितक्या उशिरा घरी जातील तितक्या उशिरा परत येतील. मी एक खडा घ्यायची, परत टाकायची. आई कावली. "अगं, दगड निवडतेस की स्थळ?" शेवटी तिनेच तबक माझ्या हातात दिलं. मी चूळ भरली आणि निघाले.

उंबऱ्यावर माझ्या पायांवर दूधपाणी घातलं, कुंकू लावलं. मग गौरीला घर दाखवायचं असतं. आई विचारायची, गौर आली ती कशाच्या पावलांनी आली? आणि आपणच उत्तर द्यायची, सोन्याच्या पावलांनी आली. हे कोठार, हे भरलेलं असू दे. हे स्वयंपाकघर, हे तृप्त असू दे. हा गोठा, हा दुभता असू दे. गोठ्याला लागून मागची खोली होती. तिथे ताई बसली होती. आई तिथून वळली. मी वळले नाही. तोंडात चूळ, बोलता येत नव्हतं, पण पाय माझे होते. मी तबक घेऊन सरळ त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. मला वाटलं, देवीने एकदा हिला बघू दे. नुसतं बघितलं तरी तिला समजेल.

ताईने आम्हाला पाहिलं आणि चटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. देवीला आपलं तोंड दिसू नये म्हणून. आईने माझ्या दंडाला धरून मला मागे ओढलं, आणि माझ्या तोंडातलं पाणी गिळलं गेलं. कोणाला कळलं नाही. मी सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा. घावन-घाटल्याचा नैवेद्य. आईने शेजारच्या सुवासिनींना कहाणी सांगितली. असुर फार माजले होते, बायकांचे नवरे मारत होते, सगळ्या बायका महालक्ष्मीला शरण गेल्या, तिने असुर मारले आणि सगळ्यांचं सौभाग्य राखलं. म्हणून हे व्रत. सुवासिनी हात जोडून बसल्या होत्या. मला आठवलं, लग्नाआधी ताईनेही हात असेच जोडले होते. मग तिचा असुर कसा काय सुटला? मी विचारणार होते, पण आईच्या कपाळावरच्या आठ्या बघून गप्प बसले.

भटजी पूजा सांगत होते. आमच्या घरात सोन्यानाण्याचं फार नव्हतं, त्यामुळे पूजेत सारखं तेच चालायचं. देवीला वस्त्र हवं, ते नाही, मग वस्त्राऐवजी अक्षता वाहा. अलंकार हवेत, नाहीत, अलंकाराऐवजी अक्षता वाहा. उटणं नाही, अक्षता. चवरी नाही, अक्षता. सगळ्या कमतरता अशा तांदळाच्या दाण्यांनी भागत होत्या आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दुपारी मी ताईकडे मागच्या खोलीत गेले. नैवेद्याचं घावन तिच्यासाठी ओच्यात लपवून नेलं होतं, तिने ते हातातच धरलं. मग तिने मला दुसरी कहाणी सांगितली. देवळात पुराणाला तिने ऐकलेली. आमची आई ती कधी सांगायची नाही.

समुद्र घुसळला तेव्हा लक्ष्मीच्या आधी एक वर आली. लक्ष्मीची थोरली बहीण, ज्येष्ठा. तिचे डोळे लाल, वस्त्रं मळकी. देवांनी तोंडं फिरवली. मग लक्ष्मी आली आणि सगळे पुढे धावले. विष्णू म्हणाले, माझ्याशी लग्न कर. लक्ष्मी म्हणाली, थोरली बहीण बसलेली असताना मी कशी करू? तेव्हा कुठे देवांना थोरलीची आठवण झाली आणि त्यांनी तिला एका ऋषीच्या गळ्यात बांधली. ऋषीच्या आश्रमात वेदांचा घोष चालायचा, तो तिला सोसायचा नाही, ती कानांवर हात ठेवायची. ऋषी कंटाळला. म्हणाला, या पिंपळाखाली बस, तुला राहायला बरी जागा शोधून येतो. गेला तो परत आलाच नाही. ती तिथे बसून रडत राहिली. ते रडणं धाकटीला वैकुंठात ऐकू गेलं, आणि ती नवऱ्याला घेऊन खाली आली. तेव्हापासून थोरली पिंपळातच राहते, आणि शनिवारी धाकटी तिला भेटायला येते. म्हणून एरवी पिंपळाला शिवायचं नाही, शनिवारी शिवायचं.

"तिने केलं काय होतं गं?" ताई म्हणाली. "आधी वर आली, एवढंच ना?"

मी म्हटलं, "आज नक्षत्र ज्येष्ठाच आहे. म्हणजे पाटावर बसलीय ती थोरलीच. आई तुझीच पूजा करतेय."

"गप्प. कोणी ऐकेल." पण ती जरा हसली, आणि तिने घावनाचा एक तुकडा तोंडात टाकला.

मी म्हटलं, "मी पण लग्न करणार नाही. लक्ष्मीसारखी. तुझं नीट होईपर्यंत नाही."

"बरं हं," ती म्हणाली. "बघू."

मला त्या हसण्याने धीर आला. आई काय म्हणाली होती? गौरी घरात असेपर्यंत न्हावी येणार नाही. मग गौरी गेल्याच नाहीत तर? इतकं सोपं होतं ते, आणि मोठ्या माणसांच्या डोक्यात कसं आलं नाही याचंच मला नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळी आडवी झाली तेव्हा मी पाटावरचे खडे परकराच्या ओच्यात घेतले आणि परसातल्या तुसाच्या कणगीत खोल पुरून ठेवले. हाताला कोपरापर्यंत तूस खुपत होतं. मग देवघराच्या बाहेर येऊन बसले. मला फार बरं वाटत होतं. त्या कृत्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

भटजी विसर्जनाला आले, आईने पाटावरचा तेरडा बाजूला केला, आणि ती जी किंचाळली ती शेजारच्या आळीपर्यंत गेली असेल. गौरी नाहीत! देवी घरातून निघून गेली! वडील धावत आले. भटजींनी देवघर पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मागच्या खोलीकडे नजर टाकली. आईचीही नजर तिकडेच गेली. ताई दारात येऊन उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दोन नजरा पाहून माझं डोकं फिरलं.

"मी घेतल्या," मी ओरडले. "मी लपवल्या. मी सांगणार नाही कुठे. गौरी जायच्या नाहीत आणि न्हावी यायचा नाही."

आईने तोंडाला पदर लावला. वडील माझ्याकडे बघत राहिले आणि मला वाटलं, आता हे ओट्यावरच्या आवाजात बोलतील. आता म्हणतील, दाखवा मला कुठल्या वेदात लिहिलंय. मी त्यांच्याकडे इतक्या आशेने बघत होते की मला रडू फुटलं.

भटजी हसले. पोरकट प्रकार बघून मोठी माणसं हसतात तसं, रागाशिवाय. आईला म्हणाले, "एवढं घाबरायचं काय त्यात? पाटावर सुपाऱ्या मांडा. खड्यांच्या ऐवजी सुपारी चालते. देवीला दगडाचं काय अडलंय!"

सुपाऱ्या मांडल्या. मंत्र म्हटले. अक्षता टाकल्या. पाट जरासा हलवला, आणि झालं. ती देवी, जिच्यासाठी मी चूळ भरून चालले, जिला आम्ही कोठार आणि गोठा दाखवला, ती खुशाल सुपारीत शिरली आणि निघाली. माझे खडे तुसात पडून राहिले. नुसते दगड.

मी भटजींच्या पुढे जाऊन उभी राहिले. "मग ताईच्या केसांच्या ऐवजी सुपारी चालवा," मी म्हटलं. "वस्त्राऐवजी अक्षता चालतात, दागिन्यांऐवजी चालतात. केसांऐवजी का नाही चालत?"

भटजींचं हसू गेलं. "मुलीला फार बोलायला शिकवलंय," ते वडिलांना म्हणाले. वडिलांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी खुंटीवरची पगडी घेतली, डोक्यावर ठेवली आणि भर दुपारी, सुट्टीच्या दिवशी, बाहेर निघून गेले. दिवेलागणीपर्यंत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी मागच्या दाराने आला. तो परसात येऊन बसला तेव्हा ताई गोठ्यात शिरली आणि तिने आतून अडसर घातला. वडील दाराशी गेले. "ये बाहेर, बाळ," म्हणाले. आई गेली, रडली, दारावर डोकं टेकून बसली. अडसर हलला नाही. आत गाय हंबरत होती. मी दाराच्या फटीला तोंड लावून ओरडत होते, "उघडू नकोस ताई! मुळीच उघडू नकोस!" दार जाडजूड होतं, अडसर शिसवी होता. न्हावी उन्हातून सावलीत सरकून बसला. वडील म्हणाले, "आज राहू दे." खरंच म्हणाले. ते शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आणि माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हा आईने डोकं वर केलं आणि ती दाराशी हळू आवाजात बोलली. मला ऐकू यावं म्हणून नाही, पण मी तिथेच होते.

"ठाण्याचं स्थळ आलंय धाकटीला. चांगलं घर आहे गं. पण ते म्हणतात, सकेशा विधवा ज्या घरात आहे तिथलं पाणी आम्ही पिणार नाही. हे परत गेले तर दुसरं कोणी येणार नाही. धाकटीचं सगळं अडलंय गं तुझ्यावर."

मला आधी समजलंच नाही की धाकटी म्हणजे मी. समजलं तेव्हा मी दारावर मुठी आपटल्या. "मला नको स्थळ! ताई, मी लग्न करणार नाही, मी तुला सांगितलंय! ताई, ऐक!"

मग अडसर सरकला.

ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं नाही, आणि परसात जाऊन न्हाव्यासमोर बसली. मी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडले. तिने माझे हात सोडवले. "हो बाजूला," म्हणाली, "वस्तरा लागेल तुला." आईने मला उचलून घरात नेलं आणि बाहेरून कडी घातली. लक्ष्मीचं बोलणं देवांनी ऐकलं, कारण ती लक्ष्मी होती. माझं कोणी ऐकलं नाही.

दसरा झाल्यावर ठाण्याहून मंडळी आली. आगगाडीने आली, ओट्यावर बसली, आमच्या घरचं पाणी प्यायली. वडील त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलत होते. वर्तमानपत्र त्या दिवशी ओट्यावर दिसलं नाही. मला नेसवून माजघरात बायकांपुढे बसवलं. मुलाच्या आत्याने माझे दात बघितले, चालून दाखवायला लावलं, मग माझा अंबाडा सोडला आणि केस हातावर घेऊन ओंजळीतून खाली सोडले.

"केस छान आहेत हो मुलीचे," ती म्हणाली. "एवढे दाट! कोणावर गेली?"

आई म्हणाली, "आमच्याकडे सगळ्यांचेच..." आणि थांबली.

मागच्या खोलीत ताई होती. माजघर आणि ती खोली यांच्यात एक कुडाची भिंत होती. तिकडून खोकल्याचासुद्धा आवाज आला नाही. आत्याबाईंनी माझे केस पुन्हा बांधले, पुडीतलं कुंकू काढून माझ्या कपाळाला लावलं, आणि मुलगी पसंत आहे म्हणाल्या.